अनारसे सगळे हसले, डबाभर पीठ पडून आहे, काही करता येईल का?

पागोळी | २३ जुलै २०२३, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी इथे एरवी वाचनमात्र असते, आज लिहायला बसले कारण घरात कोणाला सांगायची सोय नाही. मुलीचं लग्न डिसेंबरात झालं, म्हणजे जावयाचा हा पहिलाच धोंड्याचा महिना. ६ ऑगस्टला रविवारी दोघं जेवायला येणारेत. माझ्या आईने माझ्या नवऱ्याला प्रत्येक अधिकात घरचे अनारसे दिलेत, त्यामुळे विकतचे आणायचे म्हटलं तर माझ्याच जिवावर आलं, आणि खरं सांगायचं तर मी जन्मात कधी एकटीने अनारसे केलेले नाहीत, आईच्या हाताखाली गोळे वळून देणं एवढाच माझा अनुभव.

तर इंद्रायणी तांदूळ अर्धा किलो. १४ तारखेला रात्री भिजत घातले, रोज पाणी बदललं, १७ ला रात्री उपसून पंच्यावर पसरले. इथे डोंबिवलीत पावसाने असं धरलंय की गच्चीत काही वाळवायची बातच नको, शेवटी बेडरूममध्ये पलंगावर पंचा, वर पंखा पाचवर, आणि आम्ही दोघं हॉलमध्ये गादी टाकून. सकाळी मिक्सरवर काढले, मैद्याच्या चाळणीने चाळले, वर राहिलेली कणी डोशाच्या पिठात ढकलली (डोसे मात्र काय कुरकुरीत झाले म्हणून सांगू), अर्धा किलोला अर्धा किलो गूळ, आईचं प्रमाण "जितक्यास तितका", तो किसून घातला, चमचाभर तूप, मळून गोळे करून स्टीलच्या डब्यात पाच दिवस ठेवले.

आज पाच वाजता साजूक तूप तापत ठेवलं. पहिला अनारसा खसखशीवर थापला, दिसायला इतका देखणा की मी फोटो काढून मुलीला पाठवला. तुपात सोडला. दोन-तीन सेकंद जागेवर राहिला, मग कडेने बुडबुडे, मग जाळी पडायला लागली, मी खूश, आणि ती जाळी पडतच राहिली. बघता बघता मधोमध भोक, कडांचे धागे, झाऱ्यावर घ्यायला गेले तर झाऱ्याच्या भोकांतून खाली. शेवटी कढईत काळपट फेस आणि त्यावर तरंगणारी खसखस एवढंच उरलं. दुसरा तसाच. तिसरा तसाच. सहा घालवले. मग घरात तांदळाची विकतची पिठी होती ती मूठभर पिठात मिसळून सातवा तळला, तो हसला नाही पण कॅरमची सोंगटी झाली, वर पिठूळ चव. मुलीचा मेसेज येऊन पडलाय, "आई कसे झाले?" अजून उत्तर दिलेलं नाही.

डब्यात बरंच पीठ शिल्लक आहे. टाकायचं जिवावर येतंय. काय चुकलं असेल?

तिखटमीठ | २३ जुलै, रात्री ९:५८

आच. शंभर टक्के आच. तूप कोमट असताना सोडला की अनारसा विरघळतोच. आधी इवलासा तुकडा टाकून बघायचा, तो तळाला जाऊन लगेच वर आला पाहिजे. मग गॅस मध्यम.

सोलकढी | २३ जुलै, रात्री १०:०५

बाळबोध प्रश्न, हसला म्हणजे नक्की काय? मला वाटलं मस्त फुलला. 😀

पाटावरवंटा | २३ जुलै, रात्री १०:२०

@सोलकढी, अनारसा तुपात पसरून फुटला, आकार सोडून सुटा सुटा झाला की तो "हसला". आमच्याकडे आजी म्हणायची की अनारसा हसला की सुगरण रुसते. तळताना तिच्याशी कोणी बोललेलं चालायचं नाही, आम्हा पोरांना ओट्याजवळ उभं राहायची बंदी.

पागोळीताई, आधी एक करा, ते पीठ फ्रीजमध्ये टाका आणि शांत झोपा. अनारशाचं पीठ नासत नाही सहजासहजी, नीट कोरड्या हाताने हाताळलं तर महिनोन् महिने राहतं. पूर्वी बरणीत भरून ठेवायच्या आणि पाहुणा आला की चार तळायच्या. तुमच्याकडे दोन आठवडे आहेत. आणि पुढच्या वेळी प्रयोग कढईभर साजूक तुपात करू नका हो, कढल्यात पळीभर तूप घेऊन एकच तळून बघायचा.

वऱ्हाडी_ठेचा | २३ जुलै, रात्री १०:३१

गूळ कोणता घेतला होता? चिक्कीचा असंल तर तो पाकाचाच गूळ आहे, अनारशाले चालत नाही. आन आजकाल ते सेंद्रिय म्हणून काळा, ओलसर, हाताले चिकटणारा गूळ विकतात, तो चहात ठीक आहे, अनारशात घातला तर पीठच पाझरते. पिवळा, कडक, खडा मोडावा लागते असा पाहिजे.

इस्त्रीवाला_जावई | २३ जुलै, रात्री १०:४४

जावयांच्या वतीने सांगतो की आम्हाला तेहतीस अनारसे खरंच नको असतात, तीन दिले तरी चालतील. कृपया दिवे घ्या.

आडवाट | २३ जुलै, रात्री १०:५०

आणि सुनेला काय देतात धोंड्याच्या महिन्यात? भांडी?

तांबडा_पांढरा | २३ जुलै, रात्री ११:०२

@आडवाट +१, पण त्यासाठी वेगळा धागा काढा ना, ही बाई बिचारी रडतीय आणि तुमचं काय चाललंय.

मूळ मुद्दा. इंद्रायणी तांदूळ घेतलाय तिथंच गाडी घसरली. तो मुळात चिकट, भाताला झकास. त्यात नवा असला तर बघायलाच नको. अनारशाला जुना आणि जाडा तांदूळ लागतो, आमच्या कोल्हापूर भागात बायका रेशनचा तांदूळ मुद्दाम ह्यासाठी राखून ठेवायच्या.

दुबईकर_सुगरण | २३ जुलै, रात्री ११:१५

मला तर खसखस शब्द वाचूनच भरून आलं. इथे खसखशीवर बंदी आहे, सामानात सापडली तर भलतीच भानगड, त्यामुळे मी गेली कित्येक वर्षं अनारसे तिळावर थापते. छान लागतात, पण फोटो टाकला की गावाकडून कोणीतरी म्हणतंच की हे अनारसे नव्हेत.

तांदळाबद्दल, मी इथे मिळेल तो जाडा तांदूळ घेते, तीनच्या ऐवजी चार दिवस भिजवते. हसणं एकदाच झालं, ते मी मळताना दूध घातलं होतं तेव्हा. तुम्ही काही ओलं घातलंत का? केळं, दूध?

रसायन_मास्तर | २४ जुलै, सकाळी ७:१०

रात्री धागा वाचला, झोप लागेपर्यंत डोक्यात तेच. शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो, स्वयंपाक बायकोकडून शिकलो, तर माझी समजूत सांगतो.

तांदळात गव्हासारखं ग्लुटेन नाही, म्हणजे पीठ धरून ठेवणारं जाळं नाही. अनारसा एकसंध राहतो तो भिजलेल्या तांदळाच्या स्टार्चवर. तीन दिवसांत दाणा आतपर्यंत पाणी पितो, थोडा आंबतो, ठिसूळ होतो, म्हणून तो ओलसर असतानाच दळला तर पीठ मऊ आणि चिकट होतं. विकतची पिठी कोरड्या तांदळाची, तिने आयत्या वेळी हे काम होत नाही, म्हणून ती सोंगटी झाली. आता गूळ. डब्यात पाच दिवस ठेवतो तेव्हा गूळ पिठातलं पाणी ओढून घेतो आणि सैल होतो, म्हणून पाणी न घालता गोळा मऊ पडतो. तुपात पडल्यावर त्याच गुळाचा पातळ पाक होतो, पाण्याची वाफ बाहेर पडते, तिने जाळी पडते. पाक आणि पाणी बेताचं असेल तोवर स्टार्च तेवढ्यात शिजून घट्ट होतो आणि आकार राहतो. पाक जास्त झाला की पिठाचे कण एकमेकांना धरूच शकत नाहीत. पाणी जास्त झालं तरी तेच.

थोडक्यात हसण्याची कारणं तीन. पाणी जास्त, गूळ जास्त, आच कमी. तांदळाची जात वगैरे नंतरचं. पागोळीताई, तांदूळ दळताना हाताला कसा लागत होता? मुठीत दाबला तर गोळा होत होता की ओघळ येत होता?

भाग्यनगरी | २४ जुलै, सकाळी ८:२५

हैदराबादहून. शेजारच्या तेलुगू काकू संक्रांतीला अरिसेलु करतात, आपल्या अनारशाचा सख्खा भाऊ. त्यांच्याकडे पाच दिवस थांबायची भानगड नाही, गुळाचा गोळीबंद पाक करून त्यातच ओलसर तांदळाचं पीठ घालतात, तीळ लावतात, तळून झाल्यावर दोन लाकडी पाट्यांमध्ये दाबून तेल काढतात. त्यांचंही तेच रडगाणं, पाक कच्चा राहिला की कढईत सगळं सुटतं. मग त्या अजून पीठ घालतात, पण पीठ त्याच दिवशीचं, ओलं. कोरडं नाही. मास्तरांशी सहमत.

पागोळी | २४ जुलै, सकाळी ११:३०

किती जणांनी लिहिलंय, बरं वाटलं. उत्तरं देते.

आच: पहिल्यांदा मध्यम होती, चौथ्यापासून वाढवली, तेव्हा फरक एवढाच की हसून काळा झाला. गूळ साधा पिवळा कोल्हापुरी, कडक, खलबत्त्याने फोडून मग किसला. दूध, केळं काही नाही. तांदूळ मुठीत दाबला तर गोळा होत होता, हात ओला होत नव्हता. इंद्रायणी जुना, गेल्या वर्षीचा.

आईला फोन केला साताऱ्याला. ८१ वय आहे, ऐकू कमी येतं, त्यामुळे सगळी सोसायटी ऐकत असते. ती म्हणते, "गूळ जास्त झाला असंल." मी म्हटलं अगं तूच सांगितलंस ना जितक्यास तितका, अर्धा किलोला अर्धा किलो घातला. तर म्हणे "मग बरोबराय" आणि पावसापाण्याचं विचारायला लागली.

नित्यनेम | २४ जुलै, दुपारी १२:१०

अवांतर: तेहतीसच का विचारणाऱ्यांसाठी. अधिक महिना साधारण ३२ महिने १६ दिवसांनी येतो, तो हिशोब तेहतीसचा. जुन्या पोथ्यांत अपूप-दान सांगितलंय, काशाच्या भांड्यात तेहतीस अपूप. जाळीदार पदार्थ हवा म्हणून आपल्याकडे अनारसे, नाहीतर बत्तासे. यंदा अधिक श्रावण आहे, मागचा अधिक श्रावण २००४ ला होता. म्हणजे अधिक श्रावणात अनारसे करायची ही वेळ एकोणीस वर्षांनी आलीय, त्यात ऐन पाऊस, चुका व्हायच्याच.

तिखटमीठ | २४ जुलै, दुपारी १२:३०

मी अजूनही आचच म्हणेन.

पाटावरवंटा | २४ जुलै, दुपारी २:४५

थांबा थांबा थांबा. जेवून पहिली पोस्ट परत वाचली.

पागोळीताई, "अर्धा किलोला अर्धा किलो" म्हणजे कशाचा अर्धा किलो? तांदूळ भिजत घातला तो अर्धा किलो ना? आणि चाळल्यावर जी कणी वर राहिली ती तुम्ही डोशात घातलीत. मग गूळ ज्या पिठात घातला ते पीठ होतं किती? मोजलं होतं का?

रसायन_मास्तर | २४ जुलै, दुपारी २:५२

अरे देवा. माझ्या डोळ्यांखालून गेली होती ही कणी. कुरकुरीत डोसे!

पागोळी | २४ जुलै, दुपारी ४:१५

मोजलं नव्हतं.

आत्ता हातातलं सोडून फ्रीज उघडला. सगळी कणी डोशात नव्हती घातली, निम्मी एका डबीत होती, मागे लोणच्याच्या बाटलीआड गेलेली. काट्यावर ठेवली, १२० ग्रॅम. म्हणजे एकूण अडीचशेच्या आसपास कणी गेली. आमचा मिक्सर जुना आहे, घरघर करतो पण बारीक करत नाही, मी पण दोनदा फिरवून सोडून दिलं होतं, आणि चाळणी मैद्याची.

रसायन_मास्तर | २४ जुलै, दुपारी ४:४०

हिशोब मांडू. अर्धा किलो तांदूळ भिजून, पंख्याखाली जेमतेम वाळून, सहाशे ग्रॅमच्या आसपास भरला असेल, त्यात पाणी आलं. त्यातली अडीचशे कणी गेली. उरलं साडेतीनशे, त्यात गूळ पाचशे. म्हणजे पिठाच्या जवळजवळ दीडपट. अहो ताई, हा तर गुळाचा पाक पिठात घोळवला तुम्ही, हसेल नाही तर काय करेल. आमच्याकडे तर एक किलो पिठाला पाऊण किलोच घालतात, जितक्यास तितका ही वरची हद्द.

तांबडा_पांढरा | २४ जुलै, दुपारी ४:४८

पाटावरवंटा यांना पोलिसात घ्या.

सोलकढी | २४ जुलै, सायंकाळी ५:०३

मग तीच १२० ग्रॅम कणी परत बारीक करून पिठात घातली तर? हरवलेला ऐवज घरातच सापडलाय की!

पागोळी | २४ जुलै, सायंकाळी ५:२०

तोच विचार आला होता, पण झाकण उघडलं तर आंबूस वास, आठवडा झालाय. ती गेली कचऱ्यात. राहिलेलं पीठ मोजलं, ६४० ग्रॅम आहे.

पाटावरवंटा | २४ जुलै, सायंकाळी ५:४५

मग आज रात्री पावशेरभर तांदूळ भिजत टाका. थोडा जास्तच टाका, ३०० ग्रॅम. तीन दिवस, रोज पाणी बदलून. ह्या वेळी कणी उरली की परत मिक्सरमध्ये, परत चाळायची, परत मिक्सरमध्ये, अगदी चमचाभर राहीपर्यंत. मिक्सर तापला तर थांबा, पीठ गरम होऊ देऊ नका. नवं पीठ सगळं एकदम घालू नका. आधी दीडशे ग्रॅम मोजून घाला, मळा, डब्यात दोन-तीन दिवस मुरू द्या. मग कढल्यात एक तळा. हसला तर अजून मूठभर. कडक झाला तर मात्र परतीचा रस्ता नाही, म्हणून सावकाश.

थापताना कडेला पातळ, मधे किंचित जाड. खसखशीची बाजू वर ठेवून सोडायचा, उलटायचा नाही, चमच्याने वरून तूप उडवत राहायचं. आणि काढल्यावर चाळणीत उभे लावून ठेवायचे, तूप निथळतं.

वऱ्हाडी_ठेचा | २४ जुलै, सायंकाळी ६:१०

त्या काळ्या तुपाचं काय केलं? जळला गूळ कडू असते, गाळून शिऱ्यात घालाल तर शिरा पण हातचा जाईल.

पागोळी | २४ जुलै, सायंकाळी ६:३०

त्या तुपाबद्दल कृपया कोणी विचारू नये. ह्यांनीही अजून विचारलेलं नाही.

पागोळी | २८ जुलै, रात्री १०:१५

धागा वर काढतेय. ३०० ग्रॅम कोलम भिजवला, इंद्रायणीचा धोका नको म्हटलं. काल रात्री उपसला, आज सकाळी दळला. कणी सहा वेळा फिरवली, शेवटी बोटांच्या चिमटीत राहील एवढीच उरली, ती चिमण्यांना. १५० ग्रॅम पीठ मोजून मिसळलं. मळतानाच फरक कळला, आधी गोळा हाताला चिकटून तळव्यावर गुळाचा राप बसायचा, आता हात कोरडा राहतोय. उरलेलं नवं पीठ फ्रीजरमध्ये. आता वाट बघणं.

पागोळी | ३१ जुलै, दुपारी ३:२०

चाचणी क्रमांक एक. कढल्यात चार चमचे तूप. सोडला, जाळी पडली, पसरला, मी डोळे मिटले. उघडले तर एका बाजूने आकार धरून होता, दुसऱ्या बाजूने कड सुटलेली. हसला म्हणता येणार नाही, गालातल्या गालात.

अजून तीस ग्रॅम पीठ घातलंय.

रसायन_मास्तर | ३१ जुलै, दुपारी ३:४०

दिशा बरोबर आहे. घाई नको. घातलेल्या पिठाला एक रात्र तरी द्या.

पागोळी | ४ ऑगस्ट, रात्री ९:००

झाले!!! चाळीस झाले, त्यातले दोन मोडले, एक ह्यांनी गरम गरम खाल्ला, एक मी. सदतीस-अडतीस उरतात, मला मोजताच येत नाहीयेत आनंदाने. जाळी अशी पडलीय की अनारसा उजेडासमोर धरला तर पलीकडची ट्यूबलाइट दिसते. खसखस तेवढी दोन-चार ठिकाणी टक्कल पडल्यासारखी निघालीय, ते मी बोटाने झाकून फोटो काढला.

आईला परत फोन केला. म्हटलं आई, कणी बाजूला काढली होती मी आणि गूळ मात्र सगळ्या तांदळाचा घातला. तर ती म्हणते, "अगं मग पीठ चाळल्यावरच मापायचं असतं, त्याच वाटीनं पीठ, त्याच वाटीनं गूळ. एवढं काय सांगायचं त्यात?" साठ वर्षं अनारसे करतेय ही बाई, आणि एवढंच तेवढं सांगायचं राहिलं होतं.

पाटावरवंटा, तुम्ही डोंबिवलीत आलात तर जेवायला या. मास्तर तुम्हीही.

इस्त्रीवाला_जावई | ४ ऑगस्ट, रात्री ९:२२

जावयाला सांगा, तेहतीसचे तेहतीस घरी न्या म्हणावं, सासूबाईंसमोर दोनच खाऊन थांबू नये. अनुभवाचे बोल.

दुबईकर_सुगरण | ४ ऑगस्ट, रात्री १०:०५

अभिनंदन! फोटो बघून इथे तोंडाला पाणी सुटलंय. टक्कल दिसतंय हो, बोट कमी पडलं. :)

पागोळी | ६ ऑगस्ट, रात्री ११:१०

दिले. ताटात तेहतीस, मधे निरांजन. जावयाने पहिला तुकडा मोडून खाल्ला आणि म्हणाला, "आई, ह्याला खसखस कमी लावलीय का?" मुलीने टेबलाखालून लाथ मारली, मला दिसली.

घाईगर्दी | ९ ऑगस्ट, सकाळी १०:४०

पूर्ण धागा वाचला नाही, पण आच कमी असणार.

तिखटमीठ | ९ ऑगस्ट, सकाळी १०:४३

+१